केबल उपटली की कर्नल कोसळतो, नाही उपटली तर मेमरी गळते: यूआरबीचा हिशेब नेमका कुठे चुकतो

लिनक्सचा यूएसबी ड्रायव्हर उपकरणाशी बोलतो तो यूआरबीतून (यूएसबी रिक्वेस्ट ब्लॉक, म्हणजे एकेका ट्रान्सफरची मागणी). असा ड्रायव्हर लिहिताना दोन तक्रारी आलटून पालटून येतात. पहिलीत उपकरण उघड-बंद करून पाहिलं की ‘स्लॅबटॉप’मधली (कर्नलच्या मेमरीचा वापर दाखवणारी कमांड) ‘केमॅलॉक-१९२’ची, म्हणजे १९२ बाइटांच्या तुकड्यांची, ओळ दर फेरीला फुगते आणि खाली येत नाही. दुसरीत डेटा वाहत असताना केबल उपटली की कधीतरी ऊप्स (कर्नल कोसळल्याचा अहवाल) येतो आणि ट्रेसमध्ये आपलाच कंप्लीशन कॉलबॅक (ट्रान्सफर संपल्यावर बोलावलं जाणारं फंक्शन) दिसतो. पुढचा खेळ ओळखीचा आहे. गळती थांबवायला कुठेतरी एक ‘यूएसबी_फ्री_यूआरबी’ वाढवायचा, त्याने कर्नल पडायला लागला की तो काढायचा, की गळती पुन्हा हजर. फ्री कोणत्या ओळीवर लिहायचा याचीच शोधाशोध चालते; त्या ओळीवर यूआरबी कोणाकोणाच्या हातात आहे, हे मात्र कोणी मोजलेलं नसतं.

१९२ हा आकडा उगाच नाही. ६४-बिट कर्नलात यूआरबीचं स्ट्रक्चर साधारण १८४ बाइटांचं भरतं, म्हणून ते १९२ च्या खान्यात जाऊन बसतं. आयसोक्रोनस (आवाज-चित्रासारख्या सलग प्रवाहाची) पॅकेटं मागितली तर प्रत्येक पॅकेटमागे १६ बाइट वाढतात आणि यूआरबी पुढच्या, मोठ्या खान्यात जातो. या खान्यात इतरांचाही माल असतो, त्यामुळे तो नुसता वाढला म्हणून आरोप सिद्ध होत नाही. शंभर वेळा उघड-बंद केल्यावर वाढ शंभराच्या पटीत आली, तर मात्र शंका नको.

पुढे फंक्शनांच्या नावाआधीचं ‘यूएसबी_’ गाळलं आहे, नाहीतर प्रत्येक वाक्य लांबतं.

फ्री म्हणजे मोकळं करणं नव्हे

‘फ्री_यूआरबी’ हे नाव फसवं आहे. ते मेमरी परत करत नाही, फक्त रेफरन्स काउंट (यूआरबी किती जणांच्या हातात आहे तो आकडा) एकाने कमी करतं. काउंट शून्यावर आला तरच यूआरबी नष्ट होतो. ‘पुट_यूआरबी’ हे त्याच फंक्शनचं दुसरं नाव आहे, आणि खरं सांगायचं तर तेच योग्य नाव आहे. कोड वाचताना डोक्यात ‘फ्री’च्या जागी ‘पुट’ वाचायची सवय लावली तर अर्धे गोंधळ तिथेच संपतात.

काउंट म्हणजे बेरजेतल्या हातच्यासारखा प्रकार आहे: कागदावर दिसत नाही, पण विसरला की उत्तर चुकतं. एकदाच पाठवायच्या यूआरबीचा प्रवास असा होतो:

अलॉक_यूआरबी: काउंट १ (तुमचा)
अँकर_यूआरबी: २ (अँकरचा, म्हणजे चालू यूआरबींच्या यादीचा)
सबमिट_यूआरबी: ३ (यूएसबी कोअरचा, म्हणजे कर्नलातल्या यूएसबीच्या सामाईक थराचा)
फ्री_यूआरबी: २ (तुम्ही तुमचा सोडला)
ट्रान्सफर संपली, कोअरने यूआरबी अँकरवरून काढला: १
तुमचा कॉलबॅक चालतो: १
कॉलबॅक परतला, कोअरने स्वतःचा सोडला: ०, यूआरबी गेला

सबमिटनंतर लगेच फ्री केलेला पाहून नवखा माणूस दचकतो, पण वरच्या ओळी पाहिल्या तर त्यात काही वावगं नाही. यूआरबी अजून कोअरच्या आणि अँकरच्या हातात आहे. तुम्हाला त्याचं पुढे काही करायचं नसेल तर तुमचा रेफरन्स तिथेच सोडणं सर्वांत स्वच्छ.

याला जोडून एक नियम पक्का ठेवा. सबमिटने शून्य परत केलं, तर कॉलबॅक एकदा आणि एकदाच येणार. शून्याखेरीज काहीही परत केलं, तर कॉलबॅक कधीच येणार नाही. बफर, सेमाफोरची जागा, स्वतःच्या स्ट्रक्चरवरचा रेफरन्स असं जे जे कॉलबॅकमध्ये सुटणार होतं, ते सबमिट फसल्यावर तिथल्या तिथे तुम्हीच सोडायचं. गळत्यांचा मोठा वाटा या एका वाटेवर असतो, कारण टेबलावरच्या चाचणीत सबमिट फसतच नाही.

दोन पद्धती आणि त्यांची खिचडी

यूआरबी वापरायच्या रीती दोन. पहिली वरची, एकदाच पाठवायची: प्रत्येक राइटला नवा यूआरबी, अँकर, सबमिट, लगेच फ्री; बफर कॉलबॅकमध्ये सुटतो. कर्नलबरोबर येणारा ‘यूएसबी-स्केलेटन’ हा नमुना ड्रायव्हर लिहिताना हीच रीत वापरतो आणि एका वेळी हवेत असणाऱ्या राइटांवर सेमाफोरने ८ ची मर्यादा घालतो. ही मर्यादा सोडून बाकीचा कोड उचलणारे बरेच आहेत. मग वापरकर्त्याच्या प्रोग्रामने राइटचा सपाटा लावला की मेमरी संपते, आणि शोध मात्र गळतीचा चालू राहतो. गळती नसतेच तिथे. हजारो यूआरबी आपली पाळी येण्याची वाट पाहत रांगेत उभे असतात.

दुसरी रीत दीर्घायुषी यूआरबीची: प्रोबमध्ये (उपकरण जोडल्यावर चालणारं फंक्शन) एकदा अलॉक, पॉइंटर आपल्या स्ट्रक्चरमध्ये, कॉलबॅकमध्ये पुन्हा पुन्हा सबमिट, आणि डिस्कनेक्टमध्ये किल करून फ्री. कीबोर्ड-माउससारख्या इंटरप्ट एंडपॉइंटला (उपकरणातल्या डेटाच्या एका वाटेला) हीच शोभते.

दोन्ही बरोबर आहेत. घोळ होतो तो त्यांची खिचडी केल्यावर. दीर्घायुषी यूआरबीचा पॉइंटर ठेवला आणि सबमिटनंतर फ्रीही केला, तर डिस्कनेक्टमधला फ्री दुसऱ्याच कोणाचा रेफरन्स खातो. तेव्हा लॉगमध्ये ‘रेफकाउंट_टी: अंडरफ्लो, यूज-आफ्टर-फ्री’ असा इशारा येतो. ती ओळ दिसली की हार्डवेअरवर संशय घेऊ नका, फ्री एक जास्त झाला आहे. नशीब वाईट असेल तर इशारा येतच नाही: तीच जागा तोवर दुसऱ्या कोणाला दिली गेलेली असते आणि पडतो तो भलताच ड्रायव्हर.

तिसरीही एक रीत जुन्या कोडमध्ये भेटते. यूआरबीचं स्ट्रक्चर आपल्याच स्ट्रक्चरच्या पोटात ठेवायचं आणि ‘इनिट_यूआरबी’ने तयार करायचं. तिथे काउंट शून्यावर आला की कोअर तुमच्या स्ट्रक्चरच्या मधल्याच पत्त्यावर केफ्री (केमॅलॉकने घेतलेली मेमरी परत करणारं फंक्शन) मारतो. शिवाय चालू यूआरबीवर कोणी इनिट पुन्हा चालवलं तर काउंट गुपचूप १ वर जातो. नव्या कोडमध्ये हे करू नका.

अँकर: कॉलबॅकमध्ये पोहोचेपर्यंत सुटलेला

खरी मेख इथे आहे, आणि जाणत्या माणसांच्या ड्रायव्हरांतही ती सापडली आहे. अँकर म्हणजे चालू यूआरबींची यादी. बंद करताना ‘किल_अँकर्ड_यूआरबीज’ म्हटलं की सगळे एका फटक्यात थांबतात. निदान समज तसा असतो. पण वरचा हिशेब पुन्हा पाहा: कोअर यूआरबीला अँकरवरून काढतो ते कॉलबॅक बोलावण्याच्या आधी. कॉलबॅकमध्ये तुम्ही तोच यूआरबी नुसता पुन्हा सबमिट केलात, तर तो चालू राहतो पण अँकरवर नसतो.

दहा यूआरबी घेऊन डेटा ऐकणारा ड्रायव्हर धरू. ओपनमध्ये दहाही अँकर केले, सबमिट केले, आपला रेफरन्स सोडला. प्रत्येकावर एकेक पॅकेट आलं की अँकर रिकामा. क्लोजमध्ये किल_अँकर्ड_यूआरबीज रिकाम्या यादीवरून फिरतं आणि समाधानाने परततं. दहाही यूआरबी होस्ट कंट्रोलरच्या रांगेत तसेच उभे. पुढच्या ओपनला आणखी दहा. एकाच एंडपॉइंटवर आता वीस आहेत, पण कॉलबॅक तोच, संदर्भाचा पॉइंटरही तोच, त्यामुळे डेटा व्यवस्थित येत राहतो आणि कोणाला काही कळत नाही. कळतं ते दोन प्रसंगी: मेमरी संपायला लागते तेव्हा, किंवा क्लोजनंतर ड्रायव्हरने आपलं स्ट्रक्चर मोकळं केलं आणि मागे राहिलेल्या यूआरबीचा कॉलबॅक त्याच स्ट्रक्चरमध्ये लिहायला गेला तेव्हा. म्हणजे सुरुवातीच्या दोन्ही तक्रारी एकाच चुकीतून निघतात.

उपाय दोन ओळींचा आहे. कॉलबॅकमध्ये सबमिटच्या आधी यूआरबी पुन्हा अँकर करा. सबमिट फसला तर ‘अनअँकर_यूआरबी’ करा.

दुसरी ओळ विसरण्याची शिक्षा वेगळी आणि चमत्कारिक आहे. किल_अँकर्ड_यूआरबीज यादी रिकामी होईपर्यंत फिरतं, आणि यूआरबी यादीतून निघणार तो ट्रान्सफर संपल्यावर कोअर काढेल तेव्हा, या भरवशावर. जो कधी सबमिटच झाला नाही त्याची ट्रान्सफर संपणार कशी? लूप फिरतच राहतं. मॉड्यूल काढायची कमांड परत येत नाही आणि एक सीपीयू तिथे गरागरा चालतो. अँकरवर फक्त साठवून ठेवलेले, अजून न पाठवलेले यूआरबी असतील, जसं सस्पेंडमध्ये पुढे ढकललेले राइट, तर त्या यादीसाठी किल नव्हे, ‘स्कटल_अँकर्ड_यूआरबीज’ आहे. ते नुसतं यादीवरून उतरवतं.

बफर कोणी सोडायचा

यूआरबी नष्ट होताना त्याचा डेटा बफर आपोआप जात नाही. ‘यूआरबी_फ्री_बफर’ हा झेंडा (फ्लॅग) लावला असेल तरच जातो, आणि तोही साध्या केफ्रीने. म्हणून झेंडा लावायचा तो केमॅलॉकने घेतलेल्या, फक्त याच यूआरबीसाठी असलेल्या बफरला. झेंडाही लावला आणि कॉलबॅकमध्ये केफ्रीही लिहिला, तर दुहेरी फ्री. ‘अलॉक_कोहेरंट’ने घेतलेल्या बफरला (प्रोसेसरला आणि डीएमएला, म्हणजे थेट मेमरीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हार्डवेअरला, सारख्याच दिसणाऱ्या) हा झेंडा लावला, तर केफ्री अशा पत्त्यावर जातं जो त्याचा नाहीच.

कोहेरंट बफराची गळती किती सहज होते याचं उदाहरण कर्नलच्याच इतिहासात आहे. २०२१ च्या जून-जुलैमध्ये कॅन-बसच्या (गाड्यांतली यंत्रं जोडणाऱ्या जाळ्याच्या) यूएसबी ड्रायव्हरांत, म्हणजे एमसीबीए_यूएसबी, यूएसबी_८डेव्ह, ईएमएस_यूएसबी आणि ईएसडी_यूएसबी२ या चौघांत, एकाच जातीची गळती दुरुस्त झाली. ऐकण्यासाठीचे यूआरबी कोहेरंट बफरांसह बनवले जात, पण बफराचा पत्ता ड्रायव्हर कुठेच नोंदवत नसे. यूआरबी गेला की बफरापर्यंत पोहोचायची वाटच उरत नसे. दुरुस्ती साधी: बफराचा पत्ता आणि डीएमए पत्ता अशा दोन्हींच्या रांगा स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवायच्या आणि बंद करताना, सगळे यूआरबी किल झाल्यावर, एकेक ‘फ्री_कोहेरंट’ करायचा. त्याच सुमारास ‘ट्रान्सफर_डीएमए’ भरायचं राहिल्याचंही सापडलं. ‘यूआरबी_नो_ट्रान्सफर_डीएमए_मॅप’ हा झेंडा म्हणजे मॅपिंग मी केलंय असं कोअरला सांगणं. झेंडा लावून ट्रान्सफर_डीएमए कोरा ठेवला, तर होस्ट कंट्रोलर शून्य पत्त्यावर जातो. हे दोन नेहमी जोडीने लिहा.

फ्री_कोहेरंटला आकार द्यावा लागतो, तो घेतानाचाच. ‘अॅक्चुअल_लेंग्थ’ देणारे आहेत. पॅकेट छोटं आलं की चुकीचा आकार जातो. मोठे कोहेरंट तुकडे इंटरप्ट बंद असताना सोडू नका, डीएमएचा थर त्यावर इशारा छापतो. २०४८ बाइटांपर्यंतचे तुकडे बऱ्याच कंट्रोलरांवर पूलमधून येतात, म्हणून छोट्या बफरांच्या चाचणीत हा दोष झाकून राहतो.

एक प्रश्न आधी विचारा: कोहेरंट हवाच आहे का? बहुतेक ड्रायव्हरांना केमॅलॉक पुरतो आणि मॅपिंग कोअर स्वतः करतो. तोच बफर सेकंदाला शेकडो वेळा फिरणार असेल, तर कोहेरंटचा विचार करा. उगाच घेतलेला कोहेरंट म्हणजे सोडायची एक जबाबदारी जास्त.

कंट्रोल ट्रान्सफरचं सेटअप पॅकेट ८ बाइटांचं, पण विसरायला सर्वांत सोपं. तेही केमॅलॉकनेच घ्यायचं, आणि फ्री_बफर झेंडा त्याला हातही लावत नाही. कॉलबॅकमध्ये केफ्री तुमचा. स्टॅकवरचा बफर दिला तर ‘ट्रान्सफर बफर इज ऑन स्टॅक’ असा इशारा येऊन सबमिट फसतो. आपल्या स्ट्रक्चरच्या पोटातला अरे दिला तर इशारा येत नाही, पण ज्या प्रोसेसरांवर कॅश आणि डीएमए एकमेकांशी जुळलेले नसतात, तिथे शेजारच्या फील्डांतल्या किमती खराब होतात. एक्स८६ वर महिनोन्महिने चाललेला ड्रायव्हर आर्म बोर्डावर ‘कधीकधी’ बिघडतो, त्यामागे हे कारण असू शकतं.

अधूनमधून एखादी कंट्रोल कमांडच द्यायची असेल, तर यूआरबीच्या वाटेला जाऊच नका. कर्नल ५.१० पासून ‘कंट्रोल_मेसेज_सेंड’ आणि ‘कंट्रोल_मेसेज_रिसीव्ह’ (मूळ नावांत ‘मेसेज’चं ‘एमएसजी’ आणि ‘रिसीव्ह’चं ‘आरईसीव्ही’ आहे) स्टॅकवरचा बफरही चालवून घेतात, कारण ते आत स्वतःची प्रत काढतात. झोपायची (थांबून वाट पाहायची) मुभा असलेल्या जागीच ती वापरता येतात, एवढीच अट.

बंद करण्याचा क्रम

डिस्कनेक्टमधला क्रम उलटसुलट झाला की वरचं सगळं बरोबर असूनही पडायला होतं. पेच कॉलबॅक आणि वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) यांच्यातला आहे. कॉलबॅक काम रांगेत टाकतो आणि ते काम पुन्हा यूआरबी सबमिट करतं. आधी यूआरबी किल केला तर काम त्याला पुन्हा उठवतं. आधी काम रद्द केलं तर कॉलबॅक नवं काम टाकतो. किल आणि रद्द यांची जागा कितीही बदला, फट राहतेच. इथे ‘पॉइझन_यूआरबी’ वापरायचा: तो किलसारखंच थांबवतो, पण पुढचा प्रत्येक सबमिट -ईपर्म (-१) देऊन नाकारतो. म्हणून क्रम असा:

१. वरच्या सबसिस्टिममधून नोंदणी काढा (नेटडेव्ह, इनपुट, कॅरॅक्टर डिव्हाइस जे असेल ते), म्हणजे नवं ओपन येणार नाही. म्युटेक्स धरून ‘गेलं’ असा झेंडा लावा.
२. यूआरबी किंवा अख्खा अँकर पॉइझन करा.
३. ‘कॅन्सल_वर्क_सिंक’, आणि टायमर असेल तर तोही त्याच्या सिंक प्रकाराने थांबवा.
४. कोहेरंट बफर सोडा.
५. दीर्घायुषी यूआरबींचा तुमचा रेफरन्स सोडा.
६. शेवटी आपलं स्ट्रक्चर, तेही फाइल उघडी धरून कोणी बसलं नसेल तरच. बसलं असेल तर स्ट्रक्चरवर केरेफ (त्याचा स्वतःचा रेफरन्स काउंट) ठेवा आणि यूएसबी डिव्हाइसवर ‘गेट_डेव्ह’ घेऊन ठेवा.

चौथी आणि पाचवी पायरी उलटी केली आणि बफराचा पत्ता यूआरबीमधूनच वाचत असाल, तर मेलेल्या यूआरबीतून पत्ता वाचला जातो. रांगा वेगळ्या ठेवल्या तर हा प्रश्न उरत नाही.

पॉइझनलाही एक उपफाटा आहे. पॉइझन झालेले यूआरबी संपताना अँकरवरून निघून जातात, त्यामुळे ‘अनपॉइझन_अँकर्ड_यूआरबीज’ त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ते अँकरचा झेंडा काढतं आणि यादीत जे उरले असतील तेवढ्यांनाच सोडवतं. रिझ्यूमनंतर तेच यूआरबी वापरायचे असतील, तर प्रत्येकावर ‘अनपॉइझन_यूआरबी’ हवा. नाहीतर सस्पेंडमधून उठल्यावर सगळे सबमिट -१ देतात आणि उपकरण मेल्यासारखं वाटतं.

किल आणि पॉइझन दोन्ही झोपतात. ती कॉलबॅकमधून बोलावली, तर यूआरबीचा कॉलबॅक संपण्याची वाट तोच कॉलबॅक पाहत बसतो. स्पिनलॉक धरून बोलावली तरी तीच गत. अशा जागी ‘अनलिंक_यूआरबी’ आहे. तो फक्त रद्द करण्याची विनंती टाकतो आणि -ईइनप्रोग्रेस (-११५) परत करतो, ते यशाचंच लक्षण. त्यानंतरही कॉलबॅक यायचा आहे, म्हणून अनलिंकच्या पुढच्याच ओळीवर बफर सोडणं हा ऊप्सचा हमखास रस्ता.

कॉलबॅकमध्ये स्टेटस पाहिल्याशिवाय पुन्हा सबमिट नको

-२ (किल किंवा पॉइझन केलं), -१०४ (अनलिंक केलं), -१०८ (उपकरण किंवा एंडपॉइंट बंद झाला): या तिघांत गुपचूप परत फिरा, लॉगही नको. डिस्कनेक्टमध्ये बहुतेक ड्रायव्हरांना -१०८ दिसतो, कारण ‘सॉफ्ट_अनबाइंड’ लावलं नसेल तर कोअर तुमच्या डिस्कनेक्टच्या आधीच एंडपॉइंट रिकामे करतो.

-३२ म्हणजे एंडपॉइंट अडला. ‘क्लिअर_हॉल्ट’ झोपतं, तेव्हा ते वर्कक्यूत करा. -७१, -८४, -६२ (वाहतुकीतल्या चुका) हे तिघं फसवे. केबल उपटल्यावर हबला खबर लागेपर्यंतच्या अवधीत हेच येतात, आणि डोळे मिटून पुन्हा सबमिट करणारा ड्रायव्हर त्या अवधीत लॉग भरून टाकतो. चुका मोजा, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा, सलग काही फसले की सोडून द्या. थांबणं टायमरने, कॉलबॅकमध्ये डिले घालून नव्हे.

मेमरी मागताना द्यायच्या झेंड्यांबद्दल लांबण नको. प्रोब आणि ओपनमध्ये जीएफपी_कर्नल. कॉलबॅक, टायमर, स्पिनलॉक यांत जीएफपी_अॅटॉमिक. डिस्कच्या वाटेवर आणि रिसेटच्या हाताळणीत जीएफपी_नोआयओ. सगळीकडे अॅटॉमिक टाकून मोकळं होणाऱ्यांना भाराखाली -१२ (मेमरी नाही) भेटतो, आणि मग ती सबमिट फसण्याची न तपासलेली वाट जागी होते.

कोणती चूक आहे हे कसं ओळखायचं

केमेमलीक (कर्नलचा गळती-शोधक) चालू करून कर्नल बांधा, डीबगएफएसमधल्या ‘केमेमलीक’ फाइलमध्ये आधी ‘क्लिअर’ लिहा, शंभर वेळा उघड-बंद करा, मग ‘स्कॅन’ लिहून अहवाल वाचा. १९२ बाइटांचे तुकडे आणि ट्रेसमध्ये अलॉक_यूआरबीच्या खाली तुमचं ओपन दिसलं, तर रेफरन्स सोडायचा राहिला आहे. पण अँकरवरून निसटलेल्या यूआरबीबद्दल केमेमलीक गप्प राहतो. त्याच्या दृष्टीने तो हरवलेला नाही: होस्ट कंट्रोलरच्या रांगेतून त्याच्याकडे पॉइंटर आहे. अहवाल कोरा आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

त्याला यूएसबीमॉन (यूएसबीवरची वाहतूक नोंदवणारं मॉड्यूल) लागतो. मॉड्यूल चढवा, उपकरण पहिल्या बसवर असेल तर डीबगएफएसमधली ‘१यू’ फाइल कॅट करत ठेवा आणि क्लोज करा. ओळी अशा दिसतात (पहिला रकाना यूआरबीचा पत्ता, दुसरा मायक्रोसेकंद, इथे दोन्ही गाळले आहेत):

एस बीआय:१:००५:१ -११५ ५१२ <
सी बीआय:१:००५:१ ० ६४ = …
एस बीआय:१:००५:१ -११५ ५१२ <

‘एस’ म्हणजे सबमिट, ‘सी’ म्हणजे पूर्ण, ‘बीआय’ म्हणजे बल्क इन, मग बस, उपकरण आणि एंडपॉइंटचे क्रमांक. क्लोजनंतर प्रत्येक पत्त्याची शेवटची ओळ ‘सी’ आणि स्टेटस -२ हवा. एखाद्या पत्त्याची शेवटची ओळ ‘एस’ राहिली, किंवा क्लोजनंतरही एस-सी चालूच राहिलं, तर तो निसटलेला यूआरबी. ओपनच्या वेळी दहाऐवजी वीस वेगवेगळे पत्ते दिसणं हीही त्याचीच खूण. ट्रेस मात्र पहिल्या ओपनच्या आधीपासून चालू हवा, नाहीतर जुन्या यूआरबींचा ‘एस’ नोंदलाच जात नाही.

ऊप्सच्या बाजूला केएएसएएन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन). तो लवकर सोडलेल्या जागेचा वापर पकडतोच, शिवाय जागा कोणी घेतली, कोणी सोडली आणि आता कोण वापरतंय असे तीन ट्रेस देतो. ‘सोडली’चा ट्रेस आधी वाचा. त्यात तुमच्या डिस्कनेक्टचा केफ्री दिसला आणि वापरणारा कॉलबॅक असेल, तर क्रम चुकला आहे. त्यात कोअरचं यूआरबी नष्ट करणारं फंक्शन, आणि ते कोअरच्या स्वतःच्या पुटमधून आलेलं दिसलं, तर त्याआधी तुमचा एक फ्री जास्त झाला आहे.

केबल हाताने उपटत बसायची गरज नाही. सिसएफएसमधल्या उपकरणाच्या ‘ऑथोराइझ्ड’ फाइलमध्ये शून्य आणि मग एक लिहिलं की डिस्कनेक्ट आणि प्रोब दोन्ही होतात. डेटा चालू ठेवून हे स्क्रिप्टमधून शंभर वेळा चालवा. -७१ ची वाट मात्र त्यातून तपासली जात नाही, कारण उपकरण विजेने जोडलेलंच असतं. तेवढ्यासाठी पाच-दहा वेळा केबल खरोखर उपटावी लागते, आणि तीही डेटा वाहत असतानाच.